अजगराच्या अंगावरचा मेंडेल

एक नर बॉल पायथन आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढराशुभ्र, अंगावर एक ठिपका नाही, डोळे निळे. त्याची जोडी लावली एका साध्या मादीशी. तिचा रंग रानातल्या अजगराचा: काळपट तपकिरी अंग, त्यावर मातकट पिवळे धब्बे. मादीने सहा अंडी घातली. दोनेक महिन्यांनी ती फुटली, तेव्हा पिल्लांत बापासारखं पांढरं एकही नव्हतं आणि आईसारखं साधंही एकही नव्हतं. शेजारच्या खोक्यात दुसरी जोडी होती, नर आणि मादी दोघेही साधे तपकिरी. त्यांच्या सहा पिल्लांत मात्र एक पिवळंधमक निघालं, लाल डोळ्यांचं.

या अजगरांची पैदास करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. पहिल्या जोडीला पांढरं पिल्लू होणारच नाही, हे त्याने अंडी पडण्याआधीच सांगितलं असतं. दुसऱ्या जोडीला पिवळं होण्याची शक्यता किती, तेही आकड्यात सांगितलं असतं. कारण जनावराच्या अंगावर जे दिसतं आणि ते पुढच्या पिढीला जे देतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ग्रेगोर मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून नेमकं हेच मांडलं होतं. शाळेत आनुवंशिकतेच्या त्या चौकटी भरून आपण मार्क मिळवले आणि विसरून गेलो. अमेरिका-युरोपातल्या हौशी सर्पपालकांनी मात्र गेल्या पस्तीसेक वर्षांत त्याच चौकटींवर अख्खा धंदा उभा केला.

लाखोंतून एक

बॉल पायथन हा अजगरांतला ठेंगू. पूर्ण वाढलेला साधारण सव्वा ते दीड मीटर भरतो. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ, विरळ झाडीच्या पट्ट्यात राहणारा. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा घट्ट गोळा करतो, म्हणून हे नाव. ब्रिटनमध्ये त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. शांत स्वभाव, बेताचा आकार आणि उंदरांवर भागणारी भूक यामुळे पाळीव सापांच्या बाजारात तो फार लोकप्रिय झाला.

घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांतून त्याची सर्वाधिक निर्यात झाली. गाभण माद्या आणि अंडी रानातून गोळा करायची, अंडी आवारात उबवायची आणि पिल्लं परदेशी धाडायची, अशी ही पद्धत. १९७५ पासून पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांच्या आसपास जिवंत बॉल पायथन बाहेर गेल्याचा अंदाज आहे. या उपशाची झळ जंगलातल्या संख्येला बसलीच. रंगांच्या दृष्टीने मात्र त्यातून एक वेगळीच चाळणी तयार झाली. जनुकातला एखादा दुर्मीळ बदल हजारो-लाखो पिल्लांत एखाद्यातच दिसतो. रानात असं पिवळंजर्द पिल्लू पहिल्याच हंगामात घारीच्या नजरेस पडलं असतं. इथे ते निर्यातदाराच्या टोपलीत सापडलं, वेगळं काढलं गेलं आणि मोठ्या किमतीला विकलं गेलं.

रंग किंवा नक्षी बदललेल्या अशा प्रकाराला या वर्तुळात 'मॉर्फ' म्हणतात. मूळ बदल मोजके आहेत, पण त्यांच्या एकमेकांशी केलेल्या जोडण्या आज हजारोंच्या घरात गेल्या आहेत.

लपून राहणारा गुण

सापाच्या कातडीत रंगपेशी असतात. काळा-तपकिरी रंग मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींचा, पिवळा-तांबूस रंग दुसऱ्या पेशींचा, आणि तिसऱ्या प्रकारच्या पेशींत सूक्ष्म स्फटिक असतात, ते प्रकाश परावर्तित करतात. मेलॅनिन बनलंच नाही तर काळं-तपकिरी सगळं पुसलं जातं. पिवळा रंग मागे राहतो आणि डोळ्यांतलं रक्त लाल दिसतं. हा झाला अल्बिनो.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. मेलॅनिनसाठी लागणाऱ्या विकराच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते आणि साप साधा तपकिरीच दिसतो. दोन्ही प्रती बिघडल्या तरच अल्बिनो. म्हणून हा गुण अप्रभावी. एक बिघडलेली प्रत लपवून बाळगणाऱ्या सापाला पाळणारे 'हेट' म्हणतात, विषमयुग्मी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं हे त्यांनी केलेलं लघुरूप. हेट अल्बिनो आणि निव्वळ साधा साप शेजारी ठेवले, तर डोळ्यांनी फरक सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये पाळीव अवस्थेत पहिले अल्बिनो बॉल पायथन जन्माला घातले. रानातून आलेला अल्बिनो साध्या मादीशी जोडला की पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साधी दिसतात. इथे धीर सुटला तर संपलं. पण ती सगळी पिल्लं हेट असतात. ती मोठी करून आपसांत किंवा परत अल्बिनोशी जोडली की लपलेला रंग बाहेर येतो. मादी पहिली अंडी घालायला साधारण तीन वर्षं घेते. म्हणजे पहिल्या पिढीतून काही हाती लागत नाही असं दिसत असतानाही तीन वर्षं उंदीर खाऊ घालत बसावं लागतं. पीटर काल यांनी १९९७ मध्ये पायबाल्ड, म्हणजे मधोमध कोरे पांढरे पट्टे असलेला अजगर, अशाच चिकाटीने सिद्ध केला.

आता सुरुवातीची दुसरी जोडी पाहू. नर हेट, मादी हेट. चार शक्यता: एकात दोन्ही प्रती चांगल्या, दोनांत एक चांगली एक बिघडलेली, एकात दोन्ही बिघडलेल्या. म्हणजे चारात एक अल्बिनो. उरलेली तीन साधी दिसतात, पण त्यांतली दोन हेट असतात. कोणती दोन, हे अंगावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे विक्रीच्या फलकावर अशा पिल्लांपुढे '६६ टक्के पॉसिबल हेट' असं लिहिलेलं असतं. नवख्याला वाटतं, हा साप ६६ टक्के अल्बिनो आहे. तसं काही नसतं. तो एकतर पूर्ण हेट आहे किंवा मुळीच नाही; टक्केवारी सापाची नसून आपल्या माहितीची आहे. हेट आणि साधा यांची जोडी असेल, तर हाच आकडा ५० वर येतो.

सहा अंड्यांचं गणित

मेंडेलने हजारो वाटाणे मोजले. त्यामुळे त्याचं तीनास एक हे प्रमाण स्वच्छ उमटलं. बॉल पायथनची मादी एका खेपेला सरासरी सहाच्या आसपास अंडी घालते, तीही सहसा वर्षातून एकदा किंवा वर्षाआड. इतक्या थोड्या अंड्यांत प्रमाण दिसत नाही, दिसतं ते नशीब. हेट-हेट जोडीच्या सहा अंड्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. म्हणजे पाच-सहा जोड्यांत एकाच्या पदरी निराशा ठरलेलीच.

दोन अप्रभावी गुण एकत्र आणायचे तर गणित झपाट्याने अवघड होतं. अल्बिनोमध्ये काळा रंग नसतो. ॲक्झँथिक नावाच्या मॉर्फमध्ये पिवळा नसतो, तो करड्या-काळ्या छटांत दिसतो. दोन्ही एकाच सापात आणले तर काळाही नाही आणि पिवळाही नाही; उरतो जवळजवळ पांढरा साप, त्याला 'स्नो' म्हणतात. दोन्ही गुणांसाठी हेट असलेली जोडी लावली तर स्नो होण्याची शक्यता सोळात एक. सहा अंड्यांत तो न मिळण्याची शक्यता ६८ टक्के. तीन अप्रभावी गुण असतील तर चौसष्टात एक, आणि सहा अंडी रिकामी जाण्याची शक्यता ९१ टक्के. त्यामुळे जाणते पैदासकार हेट-हेटच्या मागे लागत नाहीत. जोडीतला निदान एक साप तरी प्रत्यक्ष रंग दाखवणारा असावा, असा त्यांचा प्रयत्न असतो.

'पॉसिबल हेट' मादी खरोखर हेट आहे का, हे ठरवायची जुनी रीतही हीच. तिला अल्बिनो नराशी जोडायचं. एक जरी पिल्लू अल्बिनो निघालं की प्रश्न मिटला. सहाच्या सहा साधी निघाली तर? मादी हेट असती तर असं होण्याची शक्यता चौसष्टात एक. पहिल्या ६६ टक्क्यांचा हिशोब धरला, तर आता ती हेट असण्याची शक्यता तीन टक्क्यांवर येते. शून्यावर येत नाही, हे लक्षात ठेवायचं. पुरावा 'आहे' असा एका पिल्लात मिळतो, 'नाही' असा मात्र कधीच पूर्ण मिळत नाही. पायबाल्डच्या हेट सापात कधीकधी शेपटीजवळ एखादा पांढरा पट्टा दिसतो, त्यावरूनही काही जण अंदाज बांधतात. पण त्या खुणेवर पैसे लावण्यात अर्थ नाही.

गुलबक्षीचा धडा

सगळे गुण असे लपून राहत नाहीत. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण इथे जसंच्या तसं लागू पडतं. पेस्टल नावाचा मॉर्फ घ्या. १९९७ मध्ये ग्रेग ग्राझियानी यांनी त्याची आनुवंशिकता दाखवून दिली. बदललेली एक प्रत असेल तर साप नेहमीपेक्षा उजळ पिवळा दिसतो. दोन प्रती असतील तर आणखी फिकट, वेगळाच दिसतो. तो 'सुपर पेस्टल'. पेस्टलची साध्याशी जोडी लावली की निम्मी पिल्लं पेस्टल, पहिल्याच खेपेला. तीन वर्षं थांबायची गरज नाही. पाळणारे अशा गुणाला सर्रास 'कोडॉमिनंट' म्हणतात. जनुकशास्त्राच्या भाषेत तो अपूर्ण प्रभावी.

यातलं सर्वांत चमकदार उदाहरण निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या अजगराचं. मोहावे हा एक तपकिरी, मऊ छटांचा मॉर्फ. लेसर हा दुसरा, थोडा अधिक उजळ. दोघंही सुंदर, पण पांढरे नव्हेत. या दोघांची जोडी लावली, तर चार पिल्लांत सरासरी एक पूर्ण पांढरं, निळ्या डोळ्यांचं. कारण मोहावे आणि लेसर हे एकाच जनुकातले दोन वेगळे बदल आहेत. पांढऱ्या पिल्लाला एका बाजूने मोहावेची प्रत मिळते आणि दुसऱ्या बाजूने लेसरची. चांगली प्रत एकही उरत नाही.

आता सुरुवातीचं पहिलं कोडं आपोआप सुटतं. त्या पांढऱ्या नराकडे द्यायला साधी प्रत नव्हतीच. प्रत्येक पिल्लाला त्याने एकतर मोहावे दिला किंवा लेसर, आणि साध्या मादीने दिली साधी प्रत. म्हणून अर्धी पिल्लं मोहावे, अर्धी लेसर. पांढरं एकही नाही, साधंही एकही नाही. पांढऱ्या बापाचा पांढरेपणा असा एका पिढीत दोन वाटांनी विखुरला जातो. एका जनुकाच्या जागी दोनच प्रती मावतात, त्यामुळे या कुळातले तीन मॉर्फ एका सापात आणता येत नाहीत, हेही याच नियमाने ठरतं.

यलो बेली या मॉर्फचंही असंच आहे. एक प्रत असेल तर फरक इतका सूक्ष्म की पोटाच्या कडेची नक्षी पाहून ओळखावा लागतो. दोन प्रती असतील तर जवळजवळ पांढरा 'आयव्हरी'. अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या हॅना सायडेल यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की या कुळातल्या सापांमध्ये ईडीएनआरबी१ नावाच्या जनुकात वेगवेगळे बिघाड आहेत. जनुक पूर्ण निकामी झालं तर साप पांढरा, अर्धवट झालं तर पाठीवर लांब पट्टा, थोडंसंच बिघडलं तर नक्षीत किरकोळ बदल. बिघाड किती खोल, त्यावर रंगपेशी किती गळतात हे ठरतं.

दोन अल्बिनोंची साधी पिल्लं

अल्बिनो एकाच प्रकारचा नसतो. लॅव्हेंडर अल्बिनो हा जांभळट झाक असलेला अल्बिनो. नेहमीच्या अल्बिनोशी त्याची जोडी लावली की सगळी पिल्लं साधी तपकिरी जन्माला येतात. दोन्ही आईबापांना काळा रंग नाही आणि पिल्लं काळपट! कारण रंग तयार करण्याच्या साखळीत दोन वेगवेगळ्या ठिकाणी बिघाड आहे. बापाने दिलेली चांगली प्रत आईचा बिघाड भरून काढते आणि आईने दिलेली बापाचा. उलट टॉफी आणि कँडी हे मॉर्फ अल्बिनोशी जोडले, तर मधल्या छटेची पिल्लं मिळतात, म्हणजे बिघाड एकाच जनुकात. पैदासकारांनी हे सगळं निव्वळ जोड्या लावून शोधलं होतं. ॲक्झँथिकच्या वेगवेगळ्या 'लाइन' एकमेकींशी नेहमी जुळत नाहीत, हेही असंच कळलं, आणि काहींना ते पैसे मोजल्यावर कळलं.

या निष्कर्षांवर डीएनएची मोहोर उमटली ती २०२२ मध्ये, सायडेल यांच्याच प्रयोगशाळेत. संशोधनाचं साहित्य होतं सापाने टाकलेली कात. सर्पपालक आणि पैदासकार यांच्याकडून कात मिळवायची, त्यातून डीएनए काढायचा आणि माणसात, उंदरात रंगाशी संबंधित म्हणून माहीत असलेली जनुकं तपासायची. सापाला टोचायला नको, रक्त काढायला नको. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी यातलं बरंच काम केलं. नेहमीच्या अल्बिनोत बिघाड सापडला टीवायआर जनुकात. टायरोसिनेज हे मेलॅनिनच्या पहिल्या पायरीचं विकर याच जनुकातून बनतं. लॅव्हेंडर अल्बिनोत ओसीए२ जनुकाचा एक तुकडाच गायब होता. अल्ट्रामेल नावाच्या तिसऱ्या मॉर्फमध्ये टीवायआरपी१ बिघडलेलं. माणसातल्या वर्णहीनतेच्या रुग्णांमध्येही याच जनुकांची नावं येतात. अजगर आणि माणूस यांच्यातलं अंतर तीस कोटींहून अधिक वर्षांचं असलं, तरी काळा रंग बनवण्याची कृती दोघांनी मूळचीच जपली आहे.

पायबाल्डचं उत्तर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून आलं. ॲलन गार्सिया-एल्फ्रिंग आणि सहकाऱ्यांनी या सापांत टीएफईसी नावाच्या जनुकात प्रथिनाची बांधणी अर्ध्यावर तोडणारा बदल शोधला. मग तेच जनुक क्रिस्पर तंत्राने एका छोट्या सरड्यात निकामी केलं, आणि त्याच्याही रंगपेशींवर परिणाम दिसला. संबंध नुसता योगायोगाचा नाही, हे त्यातून कळलं.

आता बाजारात काही गुणांसाठी कातेवरून चाचणी करून मिळते. तीन वर्षं वाढवून, जोडी लावून जे कळायचं, ते पिल्लाच्या पहिल्या काही कातांतून कळू शकतं.

बनानाचं कोडं

बनाना हा मॉर्फ लिंबाळ पिवळा, त्यावर फिकट जांभळट-तपकिरी धब्बे. वय वाढेल तसे अंगावर काळे ठिपके येतात. तो अपूर्ण प्रभावी. पण त्याच्या पैदासीत एक विचित्र गोष्ट लक्षात आली. काही बनाना नरांची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नरच निघत. दुसऱ्या काही बनाना नरांची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी माद्या. पैदासकारांनी पहिल्यांना 'मेल मेकर' आणि दुसऱ्यांना 'फिमेल मेकर' अशी नावं दिली. ज्या नराला हा गुण बापाकडून आला, तो मेल मेकर. आईकडून आला तर फिमेल मेकर. बनाना मादीच्या पिल्लांत मात्र असा पक्षपात दिसत नसे.

याचा अर्थ एकच होतो. हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर आहे, आणि वेगवेगळ्या प्रकारची दोन लिंगगुणसूत्रं नराकडे आहेत. बापाकडून वाय गुणसूत्रावर आलेला बनाना मुलांकडेच जातो, आईकडून एक्सवर आलेला मुलींकडे. अधूनमधून अपवाद निघतो तो गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे. पण पाठ्यपुस्तकांनुसार सापांत उलटी पद्धत असायला हवी होती, पक्ष्यांसारखी, जिच्यात वेगळी जोडी मादीकडे असते. दशकानुदशकं सगळ्याच सापांना तोच नियम लावलेला होता.

२०१६ मध्ये याच मॉर्फच्या, कोरल ग्लो या दुसऱ्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सापांच्या पैदाशीच्या नोंदींवरून एक शोधनिबंध आला आणि अजगरांत नरच वेगळी गुणसूत्रं बाळगत असावा, अशी मांडणी त्यात झाली. पुढच्याच वर्षी टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी बोआ आणि बर्मी अजगर यांच्या डीएनएवरून दोन्ही ठिकाणी एक्स-वाय पद्धतच असल्याचं दाखवलं. नाग, घोणस, धामण यांच्या कुळांत मादीकडेच वेगळी गुणसूत्रं आहेत, तो नियम तिथे कायम आहे. पण सगळे साप एकसारखे, हे विधान मागे घ्यावं लागलं. हौशी माणसांच्या वह्यांतल्या नोंदींनी विज्ञानाची पुस्तकं दुरुस्त करायला लावली, असं उदाहरण विरळा.

स्पायडरची किंमत

याच धंद्याची दुसरी बाजू स्पायडर नावाच्या मॉर्फमध्ये दिसते. अंगावरची गडद नक्षी आक्रसून बारीक जाळीसारख्या रेघा उरतात आणि मधली जागा सोनेरी दिसते. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड रेप्टाइल डिस्ट्रिब्यूटर्सच्या केव्हिन मॅक्कर्ली यांनी तो सिद्ध केला. आज जगभर असलेले स्पायडर एकाच आयात अजगराचे वंशज मानले जातात. गुण प्रभावी, एक प्रत पुरे; म्हणून तो झपाट्याने पसरला. पेस्टलशी जोडून 'बंबलबी' झाला, आणखी डझनावारी जोडण्या झाल्या.

पण स्पायडरला सरपटताना तोल सापडत नाही. डोकं थरथरतं. भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो. काही सापांची मान अशी पिळवटते की डोकं उलटं होऊन तोंड आकाशाकडे जातं, आणि उलटं टाकलेला साप पटकन सरळ होत नाही. तीव्रता सापागणिक कमी-जास्त असते. त्यामुळे 'माझ्याकडचा तर बरा आहे' असं म्हणत बरीच वर्षं पैदास चालूच राहिली. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सूक्ष्म सीटी स्कॅनने अशा सापांचे आतले कान तपासले. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्याजवळची पिशवी मूळ आकारात नव्हती. म्हणजे दोष पाळण्याच्या पद्धतीत नव्हता, घडणीतच होता.

रंग आणि कान यांचा काय संबंध, असं वाटेल. गर्भात रंगपेशी ज्या पेशीसमूहातून निघतात, त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. मज्जासंस्थेचे आणि कवटीचे काही भागही याच समूहातून घडतात, आणि रंगपेशींची कानाच्या आतल्या भागातही कामगिरी असते. पांढऱ्या कातडीच्या डाल्मेशियन कुत्र्यांत बहिरेपणा जास्त आढळतो, तो याच साखळीतला. जनुकाला 'मी फक्त रंगासाठी आहे' हे माहीत नसतं. आपण रंग बघून निवडतो आणि त्याच्यासोबत जे येतं ते साप आयुष्यभर भोगतो. स्पायडरच्या दोन प्रती असलेला जिवंत साप कधी खात्रीने दाखवला गेलेला नाही. इतर काही मॉर्फमध्येही दुहेरी प्रतींच्या पिल्लांत कण्याला बाक, डोळे बाहेर आलेले, जबडा बसका असे दोष पाहायला मिळतात. अल्बिनो आणि पायबाल्ड मात्र या बाबतीत सुदैवी. त्यांत असे गंभीर दोष दिसत नाहीत. दुर्मीळ रंग म्हणजे आजारी साप, असंही समीकरण नाही. प्रत्येक गुणाचा हिशोब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

आपल्याकडे

बॉल पायथन भारतातला नाही, पण इथे येतो, बहुधा बेकायदा. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. ही प्रजाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ती आली आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणं, त्याला पिल्लं होणं, तो मरणं किंवा दुसऱ्याला देणं, सगळ्याची नोंद 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर बंधनकारक झाली. आपला भारतीय अजगर तर पहिल्या अनुसूचीत. तो पाळणं हाच गुन्हा.

नियमांखेरीज आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अधूनमधून वर्तमानपत्रात 'पांढरा नाग सापडला' अशी बातमी येते आणि लोक चमत्कार म्हणून गर्दी करतात. त्यामागेही बहुधा अल्बिनो अजगरासारखाच मेलॅनिनचा बिघाड असतो: दोन साधे दिसणारे आईबाप, दोघांकडेही लपलेली एकेक बिघडलेली प्रत, आणि पिल्लात दोन्ही एकत्र. म्हणजे शेजारच्या शेतातले कित्येक साधे काळे-तपकिरी नाग तोच गुण कुणाच्या नजरेत न येता वाहत असतील. निसर्ग त्यांना शिक्षा करत नाही, कारण तो गुण अंगावर उमटत नाही. उमटला की मात्र शिकाऱ्यांची नजर पडते.

पाळीव बाजारात ही शिक्षा उलटी होते. जे दिसतं त्याला भाव मिळतो आणि तेच पुढे वाढवलं जातं. म्हणून इथे निवड करणाऱ्याची जबाबदारी निसर्गापेक्षा जास्त आहे. हेट-सुपरचं गणित आता कुणीही मोबाइलवर करू शकतो, कातेची चाचणीही मिळते. खरेदीदाराने विचारायचा प्रश्न 'याच्यापासून कोणते रंग निघतील' एवढाच राहून चालणार नाही. हे जनुक रंगाखेरीज आणखी काय करतं, हा प्रश्न आधी विचारायचा, आणि उत्तर स्पायडरसारखं असेल तर तो रंग सोडून द्यायचा. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या मेळ्यांत स्पायडरची विक्री बंद केली, ती याच तर्काने.